सोलापुरातल्या मुलांच्या सरकारी सेवा: खिडक्या बऱ्या, मधली वाट वाईट

सोलापुरात जन्मलेलं मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत चार-पाच खात्यांच्या वह्यांत चढतं. अंगणवाडीची वही वेगळी, लसीकरणाची वेगळी, शाळेची वेगळी. अपंगत्व असेल किंवा आई-वडिलांपैकी कुणी गेलं असेल तर आणखी दोन. या सगळ्या सेवा फुकट आहेत, हक्काच्या आहेत, आणि एकेकटी पाहिली तर बहुतेक खिडक्यांवरची माणसं कामाला वाईट नाहीत. म्हणून हे परीक्षण एकेका खिडकीचं नाही. एका खिडकीवरून दुसरीपर्यंत मूल पोचतं का, त्याचा कागद पोचतो का, आणि नाही पोचला तर नेमका कुठे अडतो, एवढंच इथे तपासलं आहे. खिडक्यांना पाचपैकी साडेतीन. मधल्या वाटेला दोन, आणि तेही एका चांगल्या टप्प्याच्या जिवावर.

तो टप्पा म्हणजे अंगणवाडी ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. पथकात दोन आयुष डॉक्टर (एक पुरुष, एक महिला), एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी-अनुदानित शाळेत वर्षातून एकदा तपासणी. जन्मजात व्यंग, कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातला विलंब अशा चार गटांतले तीसेक दोष ते शोधतात. हा टप्पा चालतो, कारण सेविकेला घर माहीत असतं. मूल आलं नाही तर ती गल्लीत जाऊन आणते. पण तपासणीच्या दिवशी मूल मामाच्या गावाला असेल तर पुढची पाळी थेट सहा महिन्यांनी. पथकाची तारीख सेविकेला आधी कळते, ती विचारून ठेवा.

पथक जी संदर्भ चिठ्ठी देतं, ती या साऱ्या व्यवस्थेतला सगळ्यात मोलाचा कागद आहे, आणि हळदीकुंकवाच्या वाणासारखी तीच घरात कुठेतरी पडून राहते. चिठ्ठी हातात घेतल्याबरोबर चार गोष्टी पाहा: मुलाचं नाव आणि जन्मतारीख जन्मदाखल्याप्रमाणेच आहे का, दोषाचं नाव वाचता येईल असं लिहिलंय का, कुठे जायचं आणि कोणत्या वारी जायचं, आणि पथकातल्या कुणाचा तरी फोन नंबर. नुसतं ‘सिव्हिलला दाखवा’ एवढंच असेल तर तिथल्या तिथे परत पुढे करा आणि विभाग लिहून घ्या. केस पेपरच्या रांगेत उभं राहून मग कोणत्या ओपीडीत जायचं ते विचारत फिरण्यात सकाळ जाते, आणि बारानंतर नवीन पेपर मिळेलच असं नाही.

वार का महत्त्वाचा, ते शहराच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या आईला समजावून सांगावं लागत नाही. विडीची मजुरी हजारावर मिळते. सिव्हिलचा एक फुकट गेलेला हेलपाटा म्हणजे त्या दिवसाच्या विड्या गेल्या. दोन हेलपाटे फुकट गेले की तिसऱ्यांदा ती जात नाही, आणि कागदावर नोंद होते ‘पालकांचे असहकार्य’. हा शेरा आम्हाला या सेवेतला सगळ्यात अन्यायकारक शेरा वाटतो.

काही दोषांना तर वयाची मुदत असते. वळलेल्या पावलाला जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत दर आठवड्याला प्लास्टर बदलत नेलं तर पाच-सहा प्लास्टरांत पाऊल बहुधा सरळ येतं, मग गरजेप्रमाणे टाचेची शीर सोडवतात आणि पट्टीचे बूट देतात. हे बूट आधी जवळजवळ दिवसभर आणि नंतर झोपताना, मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत घालायचे असतात. पाऊल सरळ दिसलं की घरातली मोठी माणसं बूट काढून ठेवतात आणि पाऊल पुन्हा वळतं. उपचार फसण्याचं हे पहिलं कारण. दुभंगलेल्या ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांत, टाळूची पहिल्या दीड वर्षाच्या आत. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाला कॉक्लियर इम्प्लांट करायचं तर पाच वर्षांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं बोलणं चांगलं येतं. ‘बोलेल, याचे वडीलही उशिराच बोलले’ हे वाक्य इथे फार महागात पडतं. मोठ्या शस्त्रक्रियांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. त्यासाठी बाळाचं नाव शिधापत्रिकेवर वेळेत चढवून ठेवा. शस्त्रक्रियेची तारीख मिळाल्यावर पुरवठा कार्यालयात धावणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

वजन-उंचीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय त्या दोन आकड्यांवर होतात. दंडघेर पट्टी सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलासाठी. डावा दंड, खांदा आणि कोपराच्या बरोबर मधे खूण, हात खाली सैल सोडलेला, पट्टी त्वचेला टेकलेली पण रुतलेली नाही. ११.५ सेंमीपेक्षा कमी म्हणजे लाल, तीव्र कुपोषित; ११.५ ते १२.५ पिवळा, मध्यम. दोन चुका नेहमीच्या: बाही वर न करता मोजणं (मूल खोटंच बरं ठरतं) आणि पट्टी आवळणं (मूल खोटंच वाईट ठरतं). दोन्ही पायांवर अंगठा दाबून खळगा राहतो का तेही पाहायचं असतं; सूज असेल तर वजन कितीही भरो, मूल गंभीर.

उंचीची चूक जास्त फसवी. दोन वर्षांखालच्या मुलाला झोपवून मोजायचं, त्यापुढच्याला उभं करून. झोपवून आणि उभं करून घेतलेल्या मापात साधारण ०.७ सेंमीचा फरक पडतो. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या ॲपमध्ये आकडा भरला की मुलाची श्रेणी ॲपच ठरवतं, आणि एका सेंटिमीटरनं श्रेणी बदलू शकते. टाच फळीला टेकलेली नाही, डोक्यावर रिबन-अंबाडा तसाच, मूल रडतंय म्हणून घाईत आकडा घेतला, अशा मापावर मूल एका महिन्यात ‘तीव्र’ आणि पुढच्या महिन्यात ‘सामान्य’ दिसतं. तसं दिसलं तर आनंदात घरी जाऊ नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायला सांगा. सेविका मोजून देतात, नाही म्हणत नाहीत.

तीव्र कुपोषित मुलाला भूक लागत असेल आणि दुसरा आजार नसेल तर त्याच्यावर वस्तीतल्याच बाल विकास केंद्रात जादा आहार देऊन लक्ष ठेवतात. भूक चाचणीत नापास झालं किंवा ताप, जुलाब, सूज असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल. तिथला मुक्काम साधारण चौदा दिवसांचा. आधी एफ-७५ नावाचं हलकं दूध, मूल सावरलं की एफ-१००. आईला बुडीत मजुरी मिळते, पण ती बँकेत येते, म्हणजे आईचं आधार-जोडलेलं खातं दाखल होतानाच लिहून द्यायला हवं. खरी अडचण मात्र दुसरीच: घरी राहिलेल्या थोरल्या पोरांना सांभाळायचं कुणी? यावर कुठल्याच खात्याकडे उत्तर नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी मूल हसायला लागलं की आई डिस्चार्ज मागते ती यासाठीच. घरी आल्यावर अंगणवाडीला दाखल-मुक्त कार्ड दाखवा आणि पुढच्या तपासण्यांच्या तारखा सेविकेला लिहून घ्यायला लावा. केंद्रातून अंगणवाडीकडे निरोप आपोआप जाईल या भरवशावर राहू नका.

एकसारख्या नावाची दारं

आता मधल्या वाटेला पाचपैकी दोनच गुण का, त्याची कारणं. पहिलं कारण दारांचं. ग्रामीण भागातल्या अंगणवाड्या जिल्हा परिषदेच्या महिला व बालविकास विभागाकडे. शहरातल्या अंगणवाड्या नागरी प्रकल्पाकडे, आणि तो प्रकल्प जिल्हा परिषदेला नव्हे तर थेट राज्याच्या एकात्मिक बाल विकास आयुक्तालयाला बांधलेला. बालसंगोपन (पालक नसलेल्या मुलांना मिळणारी मदत), बालगृह, बाल कल्याण समितीचं कामकाज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे, त्यांचं आयुक्तालय पुण्यात, निराळं. महापालिकेच्या महिला व बालकल्याणाच्या योजना आणखी तिसरीकडे. सगळ्यांच्या पाटीवर जवळजवळ तीच अक्षरं. बालसंगोपनाचा अर्ज घेऊन माणूस पूनम गेटला जिल्हा परिषदेत जातो आणि ‘आमच्याकडे नाही’ ऐकून परत फिरतो; कुठे आहे ते सांगणारा भेटेलच असं नाही. सोपा नियम असा: पोटातलं बाळ ते सहा वर्षं आणि आहार-वजनाचा प्रश्न असेल तर अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेकडे. मूल एकटं पडलंय, कुणी मारतंय, पालक गेलेत, असा प्रश्न असेल तर जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडचा जिल्हा बाल संरक्षण कक्ष.

दुसरं कारण हद्दीचं, आणि ते सोलापूरचं खास आहे. कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात, महापालिकेच्या बाहेर. तिथे गोदूताई परुळेकर वसाहतीची, म्हणजे आपल्या विडी घरकुलाची, दहा हजार घरं. शिवाय रे नगर, तीस हजार घरांचा प्रकल्प, ज्यातली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. शहरातून हजारो कुटुंबं तिकडे गेली म्हणजे मुलं नागरी प्रकल्पातून ग्रामीण प्रकल्पात गेली, महापालिकेच्या आरोग्य केंद्राकडून जिल्हा परिषदेच्या आरोग्य केंद्राकडे गेली. माणसांनी टेम्पोत सामान भरलं. नोंदी मागेच राहिल्या.

पोषण ट्रॅकरमध्ये एका अंगणवाडीतून दुसरीत मूल हलवण्याची सोय आहे. पण आधार एकदा जुन्या केंद्रात अडकलं की नवी सेविका नव्यानं नोंद करू शकत नाही. म्हणून घर बदलण्याआधी जुन्या सेविकेला भेटा, स्थलांतर तिच्याकडून करून घ्या, नव्या केंद्राचं नाव-गाव तिला द्या. घर बदलून झालं असेल तर फोनवर दोन सेविकांची गाठ घालून द्या. लसीकरणाचं कार्ड सोबत ठेवा. अ जीवनसत्त्वाचे नऊ डोस नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी असतात, आणि स्थलांतरात सगळ्यात आधी तेच चुकतात, कारण गोवरसारखी त्यांची कुणाला भीती नसते.

घरपोच आहाराच्या पाकिटाला आता चेहरा ओळखण्याची अट आहे. आई कामावर आणि आजी पाकीट न्यायला, असं असेल तर ॲप अडतं. पाकीट कोण नेणार ते नोंदणीच्याच वेळी सेविकेशी बोलून ठरवा, आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर घरात चालू आहे ना ते बघा. पोरानं नंबर बदलला की ओटीपी जातो जुन्या सिमवर आणि घोडं तिथेच अडतं.

सहाव्या वर्षीची फट

अंगणवाडीतून पहिलीत जाताना मुलाची सहा वर्षांची वजन-उंची, पथकानं लिहिलेला दोष, चष्म्याची शिफारस, यातलं काहीही शाळेच्या नोंदीत आपोआप जात नाही. अंगणवाडीची नोंद पोषण ट्रॅकरमध्ये, शाळेची यू-डायस या शाळांच्या पोर्टलमध्ये. वर्गशिक्षिकेच्या समोर मूल कोरं येतं. ज्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही ते पोर मागच्या बाकावर डाव्या बाजूला बसवलं जातं आणि सहा महिन्यांनी ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मिळवतं. उपाय अगदी साधा आहे: संदर्भ चिठ्ठी, तपासणीचे कागद आणि असेल तर दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड, यांची झेरॉक्स प्रवेश अर्जाला जोडून द्या आणि मुख्याध्यापकांची पोच घ्या. समग्र शिक्षाअंतर्गत समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. शहरात शहर साधन केंद्र, तालुक्यात गटसाधन केंद्र. प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, घरी येऊन शिकवणं हे त्यांच्यामार्फत होतं, पण यू-डायसमध्ये त्या मुलापुढे दिव्यांगत्वाची नोंद झालेली नसेल तर ते मूल त्यांच्या यादीतच येत नाही.

यूडीआयडीचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर. २०१६ च्या कायद्यानं २१ प्रकार मान्य आहेत आणि बहुतेक योजनांना ४० टक्क्यांची अट आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला बहुधा तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं, त्यावर मुदतीची तारीख असते. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. मुदत संपलेलं प्रमाणपत्र घेऊन बसपास काढायला गेलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

शाळा बदलताना दाखल्यावरून होणारी अडवणूक बेकायदा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता येत नाही, कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. प्रत्यक्षात मात्र यू-डायसचा ड्रॉप बॉक्स आडवा येतो. जुन्या शाळेनं मूल ऑनलाइन सोडलं नाही तर नवी शाळा त्याला घेऊ शकत नाही. मूल वर्गात बसतं, पटावर नसतं, आणि शिष्यवृत्तीच्या वेळी माशी शिंकते. दाखला हातात घेताना एकच वाक्य विचारा: ‘मॅडम, पोर्टलवरून सोडलं का?’

नावांचा घोळ ही सोलापूरची दुसरी खासियत. घरात तेलुगू किंवा कन्नड, शाळा मराठी, तेलुगू, कन्नड नाहीतर उर्दू माध्यमाची, आणि कागद इंग्रजीत. श्रीनिवासच्या स्पेलिंगमध्ये आधारवर ‘एच’ आहे, जन्मदाखल्यावर नाही. लक्ष्मीला एका ठिकाणी ‘एक्स’, दुसरीकडे ‘के-एस-एच’. वडिलांचं नाव आडनावाच्या आधी की नंतर, यावर तीन कागदांची तीन मतं. माणसाला हे एकच नाव वाटतं, पोर्टलला तीन मुलं दिसतात. जन्मदाखला पाया धरा, आणि बाकी सगळे कागद त्याच्याशी जुळवा; उलट करू नका. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. आधारचं बोटांचे ठसे-डोळ्यांचं नूतनीकरण पाचव्या आणि पंधराव्या वर्षी करावं लागतं. ५ ते ७ आणि १५ ते १७ या वयात ते मोफत आहे.

विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे: पहिली ते चौथीला वर्षाला १,००० रुपये, पुढे वाढत व्यावसायिक पदवीला २५,०००. पण तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर नाही. आधी शाळेनं ऑनलाइन पडताळणी करायची, मग कल्याण आयुक्तांच्या कार्यालयानं. शाळेची पायरी मुदतीत झाली नाही की अर्ज तिथेच मरतो, आणि पालकांना वाटतं नामंजूर झाला. अर्जाची स्थिती स्वतः उघडून पाहा.

बालसंगोपन

आई-वडिलांपैकी एक किंवा दोन्ही नसलेल्या, किंवा सांभाळू न शकणाऱ्या पालकांच्या मुलाला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे ४,००० आहेत. तिथे उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि शहरात ९६,०००. एका मुलासाठी एकच घ्यायचं, म्हणून अर्जाआधी जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारून कोणतं बसतं ते ठरवा. मृत्यूचा दाखला, आधार, शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाइड, बँक पासबुक, मूल आणि पालक यांचा घरासमोरचा फोटो एवढं लागतं. मग गृहभेट, अहवाल, आणि बाल कल्याण समितीचा आदेश. आदेशाला मुदत असते, नूतनीकरण तुम्हालाच मागावं लागतं.

पैसे न येण्याचं नेहमीचं कारण योजनेत नसून बँकेत असतं. आधारवर जाणारी रक्कम, जे खातं शेवटचं आधारशी ‘सीड’ झालं, म्हणजे जोडलं गेलं, त्या खात्यात पडते. अर्जात कोणतं लिहिलं याला अर्थ नाही. मुलाचं दुसरं खातं शाळेनं कधीतरी उघडलं असेल तर पैसे तिकडे पडून असतात. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते, आधी ती बघा. खात्याला केवायसी झाली म्हणजे सीडिंग झालं असं नाही, आणि बँकेतला माणूसही हे दोन्ही एकच धरून बोलतो.

किशोरवयासाठी खिडक्या आहेत, वाट जवळजवळ नाही. दहा ते एकोणीस वयासाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक असतं, जिथे पाळीच्या तक्रारींपासून व्यसनापर्यंत गुपचूप बोलता येतं. शाळा तिथे पाठवत नाहीत, कारण पाठवलं म्हणजे बदनामी असं त्यांना वाटतं. आठवड्याची निळी लोहगोळी शाळेत मिळते. शाळा सुटलेल्या मुलीला ती अंगणवाडीत मिळते, पण सहा वर्षांपुढे अंगणवाडीची पायरी कोण चढतंय? गोळी जेवणानंतर घ्यायची, शौचास काळं होतं ते गोळीचंच. मुलाला धोका असेल तर १०९८; हा नंबर आता ११२ शी जोडलेला आहे. मनावर ताण असेल तर टेलिमानस, १४४१६. दोन्ही चोवीस तास.

अठरा पूर्ण झाले की बालसंगोपन बंद होतं. बालगृहातून बाहेर पडणाऱ्याला बाल न्याय कायद्याप्रमाणे एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, मदत मिळू शकते, मात्र तिचा अर्ज संस्थेत असतानाच तयार झाला पाहिजे. बारावी झालेल्याला मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत महिन्याला ६,००० रुपये विद्यावेतन आहे. आणि अल्पवयीन म्हणून उघडलेलं बँक खातं अठरा होताच नव्या सह्या आणि केवायसी मागतं. ते झालं नाही तर खातं थांबतं आणि त्याच महिन्यात येणारी शिष्यवृत्ती परत जाते. वाढदिवसाच्या आठवड्यातच शाखेत जाऊन हे उरकून घ्या, सोबत आधार, पॅन आणि दोन फोटो.